पावसाळाभर उभी राहून गंजलेली सायकल: चेन, फ्रीव्हील आणि गिअर परत चालू करायचा नीट क्रम

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पार्किंगमधल्या सायकली बाहेर निघतात आणि प्रश्न ठरलेलेच येतात. गिअर पडत नाहीत, चेन स्लिप मारते, पायडल मारलं की कटकट आवाज येतो, तर डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाचा) कुठला स्क्रू फिरवू? उत्तर असं की अजून कुठलाच नाही. जूनमध्ये सायकल उभी केली तेव्हा गिअर नीट पडत होते ना, मग उभ्या उभ्या ते स्क्रू आपोआप फिरलेले नाहीत. बदललंय ते एवढंच, की जिथे जिथे काहीतरी हललं, फिरलं, सरकलं पाहिजे तिथे गंज आणि वाळलेलं ग्रीस बसलंय. ते काढायच्या आधी स्क्रू फिरवले तर बरोबर असलेली एकमेव सेटिंगसुद्धा जाते आणि मग सायकल दुकानात न्यावी लागते.

दुसरी चूक म्हणजे गंजलेल्या चेनवर थेट तेल ओतणं. तेलाने गंज जात नाही, तो चिखल होऊन रोलरच्या आत जातो आणि पॉलिश पेपरसारखा पिना घासत बसतो. चेन दोन दिवस गप्प होते आणि तेवढ्यावर लोकांना वाटतं काम झालं.

खाली जे लिहिलंय ते आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या सायकलीसाठी आहे, म्हणजे पुढे ३ आणि मागे ७ दातेरी चकत्या अशी २१ गिअरची एमटीबी किंवा हायब्रिड. ८-९ गिअरवाल्यांनाही क्रम तोच. बिनगिअरच्या सायकलीला केबल आणि डिरेलरच्या पायऱ्या लागत नाहीत, त्यांच्यासाठी चेन बसवताना वेगळं लिहिलंय.

आधी सामान जमवा

अर्धं काम झाल्यावर दुकानात पळायचं नसेल तर हे आधी आणून ठेवा:

- एलन कीचा सेट, प्लस स्क्रूड्रायव्हर, पक्कड, १५ नंबरचा पाना
- चेन टूल, म्हणजे चेनची पिन ढकलायचं छोटं हत्यार
- क्विक लिंक (चेन जोडायची-सोडवायची खास कडी), मागे जितक्या चकत्या आहेत त्या मापाची
- अर्धा लिटर टर्पेंटाइन (रॉकेल आता सहज मिळत नाही, हे रंगाच्या दुकानात मिळतं)
- जुने टूथब्रश, पितळी तारांचा ब्रश, भरपूर सुती फडकी, जुनं वर्तमानपत्र
- चेनचं तेल, थोडं ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे
- गिअरची नवी आतली तार आणि दोन मीटरच्या आसपास ४ मिमी बाहेरचं कव्हर, टोप्यांसकट
- १२ इंचांची स्टीलची पट्टी

पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. टर्पेंटाइनचं कामसुद्धा गच्चीवर किंवा उघड्या जागेतच करा, देवघरात दिवा चालू असताना गॅलरीत बसून नाही. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको, गंज झटक्यात जातो म्हणून लोक वापरतात खरे, पण कडक पोलाद अ‍ॅसिडने आतून ठिसूळ होतं आणि अशी चेन चढावर जोर लावला की तुटू शकते.

पायरी १: काहीही न पुसता, न तेल घालता तपासा

सगळ्यात आधी ब्रेक. दोन्ही लिव्हर दाबल्यावर चाकं थांबतात का आणि सोडल्यावर मोकळी होतात का ते बघा, कारण शेवटी ही सायकल तुम्ही रस्त्यावर टेस्ट करणार आहात. डिस्क ब्रेक असतील तर डिस्कवर आत्ताच प्लास्टिकची पिशवी बांधा. तेलाचा एक फवारा तिथे गेला की पॅड बदलावे लागतात.

आता मागचं चाक उचलून धरा, सीट कुठेतरी अडकवता आली तर उत्तम, आणि पायडल हाताने *हळू* फिरवा, आधी उलटं.

उलटं फिरवताना वरच्या बाजूची चेन सैल पडून लोंबली तर फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा तो भाग, जो पायडल थांबलं तरी चाक फिरू देतो) आतून अडकतंय. चेन खालच्या छोट्या चाकांपाशी, म्हणजे जॉकी व्हीलपाशी, दर थोड्या वेळाने उडी मारते किंवा डिरेलर झटका देतो, तर एखादी कडी ताठ झालीय. पुढे फिरवल्यावर चेन फिरते पण चाक फिरत नाही, तर फ्रीव्हीलच्या आतले खटके चिकटलेत. आणि काहीच हललं नाही, तर जोर लावू नका! जाम चेनवर पाय मारला की ती डिरेलरला मागे ओढते, डिरेलर चाकाच्या तारांमध्ये (स्पोकमध्ये) जातो आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जिथे लागतो ती धातूची पट्टी, वाकतो, म्हणजे दोन तासांचं काम महागात जातं.

मग दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) हातात धरून फ्रेमकडे-बाहेर असे हलवा. दोन्ही एकत्र हलतात तर खोट मधल्या एक्सलच्या बेअरिंगमध्ये, म्हणजे बीबीत आहे. एकच हलतो तर त्या क्रँकचा बोल्ट सैल आहे. बोल्ट लगेच कसा, पण कसूनही तो क्रँक परत परत सैल होत असेल तर त्याचं चौकोनी भोक झिजलंय आणि क्रँकच बदलावा लागेल.

शेवटी सायकलच्या मागे बसून बघा. डिरेलरची दोन जॉकी व्हील आणि मागच्या चकत्या एका सरळ रेषेत दिसल्या पाहिजेत. डिरेलर आत, तारांच्या बाजूला, कललेला असेल तर हँगर वाकलाय. पार्किंगमध्ये दहा सायकली एकमेकींवर टेकवून ठेवल्या की हे फार होतं, आणि हे सरळ झाल्याशिवाय गिअर कधीच लागणार नाहीत, स्क्रू कितीही फिरवा. दुकानात हँगर सरळ करायचं मापाचं हत्यार असतं, तिथून करून घ्या.

✔ तपासा: काय काय सापडलं ते लिहून ठेवा आणि चेन डिरेलरमधून कशी गेलीय त्याचे मोबाइलवर दोन-तीन जवळून फोटो काढा. पायरी ७ ला ते लागणारच आहेत.

पायरी २: चेन काढा आणि ती ठेवायची की टाकायची ठरवा

चेन सायकलवरच ठेवून पुसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रोजच्या देखभालीला ते ठीक, पण गंजलेल्या चेनला नाही, कारण गंज बाहेरच्या पट्ट्यांवर दिसतो आणि त्रास देतो तो आत, पिन आणि रोलरच्या मध्ये.

गिअर पुढे-मागे सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, म्हणजे चेन सैल होईल. गिअर पडतच नसतील तर डिरेलर हाताने पुढे ढकलून चेन पुढच्या चकतीवरून खाली उतरवून घ्या. क्विक लिंक असेल तर पकडीने दोन्ही टोकं एकमेकांकडे दाबली की सुटते. नसेल तर चेन टूलने पिन ढकला, आणि चेन बदलायची नक्की नसेल तर पिन *पूर्ण बाहेर काढू नका*, बाहेरच्या पट्टीत तिचं टोक अडकलेलं राहू द्या, पूर्ण निघालेली पिन घरी परत बसवणं जवळपास अशक्य असतं. ९ आणि त्यापुढच्या गिअरच्या चेनला तर जुनी पिन परत वापरायचीच नाही, क्विक लिंकच लावा.

आता चेन हातात घेऊन नीट बघा. नारिंगी पावडर फक्त बाहेरून आहे आणि कड्या वाकतायत, तर चेन वाचेल. पट्ट्यांवर खड्डे पडलेत, रोलर बोटाने फिरत नाहीत आणि निम्म्या कड्या वाकवल्या तशाच राहतात, तर ती टाकायची. इथे जीव अडकवू नका. सहा-सात गिअरची साधी चेन काहीशे रुपयांत येते आणि आतून लाल झालेल्या चेनवर अख्खा रविवार घालवून ती पुन्हा स्लिप मारणार असेल तर त्या मेहनतीला अर्थ नाही. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर चेन बदलायचीच तयारी ठेवा, खारी हवा पट्ट्यांच्या मध्ये शिरते.

फक्त जुनी चेन लगेच भंगारात देऊ नका, नवीची लांबी मोजायला ती लागेल.

दुकानात गेल्यावर "२१ गिअरची चेन द्या" म्हणू नका. *मागे* किती चकत्या आहेत ते मोजून सांगा. ६, ७ आणि ८ ला एकच चेन चालते, ९, १० आणि ११ ला प्रत्येकाची वेगळी आणि अधिक बारीक.

पायरी ३: चेन धुवा, सुकवा, मग मोजा

(नवी चेन घेणार असाल तर धुणं सोडा, पण जुनी जरा पुसून मोजा जरूर, कारण त्या मापावरून फ्रीव्हीलचं भवितव्य कळतं.)

प्लास्टिकच्या जाड बाटलीत चेन टाका, बुडेल इतकं टर्पेंटाइन ओता, झाकण लावून जोरात हलवा आणि अर्धा तास ठेवा. बाहेर काढून पितळी ब्रशने चारही बाजूंनी घासा. काळं झालेलं टर्पेंटाइन वेगळ्या डब्यात काढून नव्याने एकदा परत. दुसऱ्या खेपेला पाणचट तपकिरी रंग आला की पुरे. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतायचं नाही, डब्यात झाकून ठेवलं की दोन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा कामाला येतं.

मग चेन फडक्याने पुसून उन्हात लटकवा. पूर्ण सुकली पाहिजे, आत टर्पेंटाइन राहिलं तर नंतर घातलेलं तेल पातळ होऊन वाहून जातं.

सुकल्यावर एकेक कडी हाताने वाकवत जा. कंटाळवाणं काम आहे, साधारण ११० कड्या असतात, पण टाळू नका. ताठ कडी सापडली की तिच्यावर स्प्रेचा थेंब टाका आणि दोन्ही अंगठ्यांनी चेन *आडवी*, म्हणजे जिकडे ती एरवी वाकत नाही त्या बाजूला, हलकेच मागेपुढे वाकवा. पट्ट्या किंचित सुटतात आणि कडी मोकळी होते. चार-पाच ताठ कड्या अशा सुटतात, पंधरा-वीस असतील तर मागच्या पायरीवर परत जा आणि नवी चेन आणा.

आता मोजा. चेन ताणून धरा, पट्टीचा शून्य एका पिनच्या बरोबर मध्यावर. नव्या चेनमध्ये १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर, दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो साधारण दीड मिमी पुढे गेला असेल तर चेन बदलायची. ३ मिमी पुढे गेला असेल तर चेनबरोबर मागच्या चकत्याही झिजलेल्या असणार, आणि तिथे नुसती नवी चेन लावली तर ती स्लिप मारेल, कारण झिजलेले दात लांब झालेल्या चेनच्या मापाचे झालेले असतात.

✔ तपासा: पायरी ४ ला जायच्या आधी चेनबद्दलचा निर्णय झालेला हवा. "बघू नंतर" केलंत तर पुढची सगळी सेटिंग दोनदा करावी लागते.

पायरी ४: मागच्या चकत्या, फ्रीव्हील, जॉकी व्हील

मागचं चाक काढा. फडक्याची लांब पट्टी फाडून टर्पेंटाइनमध्ये बुडवा आणि दोन-दोन चकत्यांच्या मधून सरकवत काढा, सगळा काळा चिखल निघतो. चाक आडवं धरून ब्रश मारताना चकत्यांची बाजू *खाली* ठेवा, नाहीतर घाण टर्पेंटाइनबरोबर बेअरिंगमध्ये उतरते.

दात बघा. चांगला दात दोन्ही बाजूंना सारखा असतो, झिजलेला कोयत्यासारखा एका बाजूला वाकलेला आणि टोकदार दिसतो. छोट्या चकत्यांवर काही दात मुद्दाम वेगळ्या आकाराचे आणि बुटके केलेले असतात, गिअर सहज पडावा म्हणून, त्यांना झिजलेले समजू नका. शेजारचे सगळे दात सारखेच वाकलेत का ते बघायचं.

बदलायचं असेल तर आधी ओळखा फ्रीव्हील आहे (चकत्या आणि खटके मिळून एकच भाग, आट्यांवर बसणारा) की कॅसेट (नुसत्या चकत्या, खटके चाकाच्या हबमध्ये), कारण दोन्हींची हत्यारं वेगळी आणि चुकीचं हत्यार घातलं की खाचा तुटतात. मधोमध हत्यार बसायला खाचा दिसतात ना, त्यांच्याकडे बघत चकत्या हाताने उलट्या फिरवा. खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट, जागेवर राहिला तर फ्रीव्हील. मागे सात चकत्यांच्या स्वस्त सायकलींवर बहुतेक वेळा फ्रीव्हील निघतं.

फ्रीव्हील दर पायडलला घट्ट होत जातं, त्यात गंज, त्यामुळे घरच्या पान्याने ते सुटेलच असं नाही. आट्यांत स्प्रे मारून रात्रभर ठेवा. रिमूव्हर खाचांत पूर्ण बसवून वरून एक्सलचा नट हलका लावून तो दाबून धरा, म्हणजे निसटणार नाही, आणि घड्याळाच्या उलट्या काट्याने जोर लावा. पहिला झटका सुटला की नट लगेच काढा, मग पुढे फिरवा. तरी सुटत नसेल तर वाइस असलेल्या दुकानात दोन मिनिटांचं काम आहे. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा, पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल.

*खटके चिकटले असतील तर:* चाक आडवं ठेवा, फ्रीव्हीलचा फिरणारा आणि न फिरणारा भाग यांच्यामधल्या बारीक फटीत टर्पेंटाइन थेंब थेंब सोडत चकत्या फिरवत राहा. आतून तपकिरी पाणी येईल. टिकटिक आवाज स्वच्छ आणि सारखा यायला लागला की थांबा, चाक उभं करून निथळू द्या आणि मग तिथेच थोडं जाडसर तेल सोडा. फ्रीव्हील उघडायच्या फंदात पडू नका, आत बारीक छर्रे खच्चून भरलेले असतात, झाकणाचे आटे उलटे असतात आणि छर्रे एकदा सांडले की परत बसवण्यापेक्षा नवं घेणं सोपं.

जॉकी व्हील दोन्ही सोडवा, पण *एकेक*. बऱ्याच डिरेलरमध्ये वरचं आणि खालचं वेगळं असतं, वरच्याला आडवं सरकायला थोडी जागा असते, अदलाबदल केली तर गिअर बारीक बिघडतात. मधली धातूची नळी काढून पुसा, ग्रीसचं बोट फिरवा, परत लावा.

आता डिरेलरच्या चारही सांध्यांवर स्प्रे, ब्रश, पुसणं, मग तेलाचा एकेक थेंब.

✔ तपासा: डिरेलर हाताने आत, तारांकडे, ढकलून सोडा. टपकन परत बाहेर आला पाहिजे. रेंगाळत आला तर पुन्हा स्प्रे आणि पुन्हा हलवणं, पाच-सहा खेपा लागल्या तरी चालेल. हा रेंगाळणारा डिरेलर घेऊन पुढे गेलात तर गिअर खाली पडणार नाहीत आणि दोष केबलवर जाईल.

पुढच्या चकत्याही पुसून त्यांचे दात बघून घ्या. स्वस्त क्रँकवर त्या रिव्हेटने पक्क्या असतात, झिजल्या तर अख्खा क्रँकसेट बदलतात.

पायरी ५: बीबीचा आवाज ऐका

चेन नाही तोवरच हे करून घ्या. सीटपोस्ट पूर्ण काढा आणि सायकल उलटी करा. उघड्यावर राहिलेल्या सायकलीत सीटच्या नळीतून पाणी थेट बीबीपर्यंत जातं आणि तिथेच साठतं, कधी कधी चांगलं वाटीभर निघतं. सुकू द्या, सीटपोस्टला ग्रीस लावून परत घाला (कार्बनची फ्रेम असेल तर साधं ग्रीस नको).

क्रँक फिरवून सोडा आणि सीटच्या नळीला कान लावा. मऊ फिरला तर हात लावू नका. खरखर किंवा टोचल्यासारखं लागलं तर सीलबंद बीबी पूर्ण बदलतात, छर्र्यांची असेल तर उघडून धुऊन नवं ग्रीस आणि नवे छर्रे. दोन्हींसाठी क्रँक ओढायचं पुलर लागतं. नसेल तर हातोडीने क्रँक ठोकू नका, हे काम दुकानात द्या. स्वतः करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: चेनच्या बाजूच्या कपाचे आटे बहुतेक सायकलींना उलटे असतात, आणि पायडलमध्ये उलटे आटे डाव्या पायडलला असतात.

पायरी ६: केबल, खरा गुन्हेगार

गिअर वर चढतो पण खाली उतरत नाही, किंवा तीनदा दाबल्यावर एकदम दोन उतरतात, तर दहातल्या बहुतेक सायकलींत कारण केबल असतं. डिरेलरची स्प्रिंग कमजोर असते, कव्हरच्या आत जरा गंज आला की ती तार ओढू शकत नाही. मागच्या डिरेलरपाशी जो कव्हरचा शेवटचा गोल वळसा असतो ना, तिथे पाणी उतरून बसतं आणि गंज तिथून सुरू होतो.

शिफ्टर, म्हणजे हँडलवरून गिअर बदलायचा भाग, सगळ्यात छोट्या मागच्या चकतीच्या आकड्यावर आणा, डिरेलरचा बोल्ट सैल करून तार सोडवा आणि शिफ्टरकडून हाताने मागेपुढे ओढा. बोटांना जराही खरखर जाणवली तर बदला, आणि तार *व* कव्हर दोन्ही बदला. जुन्या गंजक्या कव्हरमध्ये नवी तार घालणं ही सगळ्यात जास्त केली जाणारी काटकसर आहे आणि तिचा उपयोग होत नाही.

बाहेरचं कव्हर जुन्याच लांबीचं कापा, काप सरळ हवा, चेपलेलं तोंड दाभणाने मोकळं करा आणि दोन्ही टोकांना टोप्या घाला.

⚠ सावध: गिअरचं कव्हर ब्रेकला कधीच लावू नका. गिअरच्या कव्हरमध्ये तारा लांबीला सरळ असतात, ब्रेक जोरात दाबला की त्या बाजूने फाटून बाहेर येऊ शकतात आणि ब्रेक तिथल्या तिथे जातो. ब्रेकचं कव्हर ५ मिमीचं, आतून स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. तेही गिअरला चालत नाही, त्यात गिअर नेमके बसत नाहीत.

शिफ्टर दाबल्यावर खटका लागतच नाही, नुसता मोकळा जातो? तुटलाय असं लगेच धरू नका. आतलं ग्रीस वाळून खटके चिकटतात. झाकण काढून स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, वीस-तीस वेळा दाबा, परत स्प्रे. खटके बोलायला लागले की मळ वाहू द्या आणि शेवटी हलक्या तेलाचे दोन थेंब. नुसता स्प्रे ठेवून बंद करू नका, डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे सोडवायला चांगले, वंगण म्हणून टिकत नाहीत.

तार घालून ठेवा, पण डिरेलरच्या बोल्टला अजून *कसू नका*.

पायरी ७: चेन बसवा

नवी चेन जुनीशेजारी ठेवून कड्या मोजून कापा, लांबी नुसती टेकवून बघू नका, जुनी लांबलेली असते. जुनी नसेल किंवा तिच्यावर विश्वास नसेल तर चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथे टोकं भेटतील तिथून एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवा आणि कापा.

फोटो बघून डिरेलरमधून ओवा. पिंजऱ्यात दोन जॉकी व्हीलच्या मध्ये एक छोटी पट्टी असते, चेन तिच्या आतून गेली पाहिजे, बाहेरून गेली की घासल्याचा सतत आवाज येतो आणि लोक तासभर इंडेक्सिंग (तारेचा ताण लावून गिअर जुळवणं) करत बसतात. क्विक लिंक लावा, ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून पायडलवर जोर द्या, टक्क आवाज आला की बसली.

बिनगिअरच्या सायकलीला चेन मधोमध वर-खाली मिळून साधारण अर्धा इंच हलली पाहिजे, मागचं चाक सरकवून तेवढा ताण ठेवा. तिच्या जोडाला स्प्रिंगची क्लिप असते, क्लिपचं बंद तोंड चेन पुढे जाते त्या दिशेला. उघडं तोंड पुढे ठेवलं तर कशाला तरी लागून ती सुटू शकते.

आता तेल: प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूने, पायडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबून बाहेरून *कोरडी पुसा*. तेल आत हवं, बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं. इंजिन ऑइल फार जाड, दोन दिवसांत काळा लगदा. खोबरेल तेल थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

पायरी ८: आता स्क्रू, आणि याच क्रमाने

१. एच स्क्रू (डिरेलर बाहेर किती जाईल ते ठरवणारा). तार सुटीच आहे, म्हणून डिरेलर आपोआप सगळ्यात बाहेर. मागून बघा, वरचं जॉकी व्हील सगळ्यात छोट्या चकतीच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत हवं. नसेल तरच फिरवा, एका वेळी पाव फेरी. गंजलेल्या डिरेलरवर अक्षरं दिसत नसतील तर हलके फिरवून बघा, या स्थितीत जो फिरवल्यावर डिरेलर हलतो तो एच.

२. तार कसा. शिफ्टर छोट्या चकतीच्या आकड्यावर, बॅरल (तारेचा ताण कमी-जास्त करायचा, हाताने फिरवायचा गोल नट) पूर्ण आत फिरवून एक फेरी बाहेर, तार हाताने ताणून बोल्ट घट्ट. पकडीने ओढून ताणू नका.

३. इंडेक्सिंग. शिफ्टर एकदा दाबा, चेन दुसऱ्या चकतीवर चढली पाहिजे. चढत नसेल तर बॅरल उलट्या काट्याने, म्हणजे तार ताणत, पाव पाव फेरी. चढून तिसरीला घासत असेल तर सुलट्या काट्याने. मग एकेक करत वर आणि तसंच खाली.

४. एल स्क्रू (डिरेलर आत, तारांकडे, किती जाईल ते ठरवणारा). सगळ्यात मोठ्या चकतीवर आल्यावर जॉकी व्हील बरोबर तिच्या खाली. शिफ्टर आणखी दाबून धरला तरी चेन तारांकडे जाता कामा नये. हे बघितल्याशिवाय सायकल चालवू नका, चेन तारांमध्ये गेली की चाक जागेवर अडकतं.

५. बी स्क्रू (डिरेलर आणि चकत्यांमधलं अंतर ठरवणारा). मोठ्या चकतीवर असताना वरचं जॉकी व्हील चकतीला टेकत असेल तर हा आत फिरवा, टेकणं थांबेपर्यंतच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चढताना बरोबर केलं की उतरताना बिघडतं, उतरताना बरोबर केलं की चढताना बिघडतं, असं झालं तर बॅरलशी झगडणं लगेच थांबवा. ती सेटिंगची चूक नाही, कुठेतरी अडकतंय किंवा हँगर वाकलाय. पायरी १ चा हँगर, पायरी ४ चा रेंगाळणारा डिरेलर, पायरी ६ चं केबल, याच क्रमाने परत बघा.

पुढच्या डिरेलरला क्रम उलटा: आधी एल, मग तार, मग एच. त्याचा पिंजरा मोठ्या चकतीच्या दातांच्या १ ते ३ मिमी वर आणि चकतीला समांतर. पुढे छोटी-मागे मोठी असताना पिंजऱ्याची आतली पट्टी चेनला जेमतेम लागत नाही इतकी जवळ ठेवा.

पायरी ९: रस्त्यावर टेस्ट, आणि ताल मोजून दोष शोधणं

मोकळ्या, सपाट रस्त्यावर जा. पहिली दहा मिनिटं सीटवर बसूनच, पायडलवर उभं राहायचं नाही, कारण जोर लावलेला असताना चेन सुटली की माणूस थेट हँडलवर येतो. स्लिप किंवा आवाज आला तर *किती फेऱ्यांनी* येतो ते मोजा:

- पायडलच्या दर फेरीला एकदा: पुढच्या चकतीचा दात वाकलाय, किंवा क्रँकचा बोल्ट, किंवा पायडलचं बेअरिंग. एका पायाने मारून बघा, कुठला ते कळतं.
- साधारण अडीच फेऱ्यांनी एकदा, कुठल्याही गिअरमध्ये: ताठ कडी. पुढे ४४ दात आणि चेनला ११० कड्या असतील तर चेनचा एक वेढा अडीच फेऱ्यांत पूर्ण होतो, म्हणून. पुढच्या छोट्या चकतीवर हा आकडा वाढतो.
- फक्त एखाद-दोन गिअरमध्ये, जोर लावल्यावर: त्या मागच्या चकत्या झिजल्यात, बहुतेक वेळा ज्या तुम्ही रोज वापरता त्याच. इंडेक्सिंगने सुटणार नाही, फ्रीव्हील बदला.
- ताल नाही, कुठल्याही गिअरमध्ये पाय एकदम मोकळा पुढे जातो आणि चेन मात्र जागेवरच असते: फ्रीव्हीलचे खटके. पायरी ४ पुन्हा, तरी राहिलं तर बदला, अशी सायकल रहदारीत नेऊ नका.
- जोर न लावताही सतत टिकटिक: बॅरलची पाव फेरी बाकी आहे.

दोन-चार राइडनंतर नवी तार आणि कव्हर जागेवर बसून थोडी सैल पडते आणि गिअर चढायला कुरकुरतात, ते अपेक्षितच आहे, बॅरल पाव-अर्धी फेरी उलट्या काट्याने फिरवा, लिमिटच्या (एच आणि एल) स्क्रूंना हात नको. त्याच वेळी क्रँकचे दोन्ही बोल्ट आणि पायडल परत एकदा कसून बघा आणि चेन फडक्यात धरून पुसा. फडक्यावर अजून तपकिरी रंग येत असेल तर आतला गंज बाहेर पडतोय, अशा वेळी वरून तेल न वाढवता आधी पुसा, मग थेंब थेंब तेल घाला. फडकं काळं येईपर्यंत दर राइडनंतर हे करत राहा.